रंगरावचं नाव काढायचं नाही

सर्जेरावची बायको दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तोंडाला साबण फासून आरशापुढे बसलो होतो. सोमवार होता. सोमवारी आमच्या उद्यमनगरातल्या भट्ट्या थंड असतात आणि आठवड्यातली एकुलती एक दाढी मी त्या दिवशी मन लावून करतो. त्या वेळी कुणी हाक मारलेली मला खपत नसे. माझी बायको अंजना हे जाणून होती. ती बाहेर गेली, शालनवहिनींशी दोन शब्द बोलली आणि आत येऊन एवढंच म्हणाली, "उठा. साबण पुसा."

शालनवहिनी घरी बाजाराला जाते सांगून निघाल्या होत्या आणि पिशवी घ्यायचं विसरल्या होत्या. बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"भावजी, ह्यांचं काय खरं न्हाई," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सांगितलं. दिवाळीच्या आधीपासून सर्जेरावला झोप नाही. अंथरुणावर पडतो, डोळे आढ्याला. पहाटे उठून उंबऱ्यावर बसतो तो कामाची वेळ होईपर्यंत. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत राहतो. हे सगळं त्यांनी अंगावर काढलं होतं. पण काल त्यानं त्यांना समोर बसवून विम्याचे कागद कुठल्या ट्रंकेत आहेत ते सांगितलं. मेहुणा आला होता, त्याला मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. मला आता वेळ बघून काय करायचंय, म्हणाला.

"घरातलं सगळं नगो ते मी शेजारच्या काकूंकडं निऊन ठिवलंय," शालनवहिनी म्हणाल्या. "पण नदी काय उचलून ठिवता येती व्हय, भावजी?"

माझ्या गालावरचा साबण वाळून ताणायला लागला होता. अंजनानं पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी तसाच धरला.

"आणि एक. तुमी समदी रंगभावजींकडं जातासा, ते ह्यास्नी कळलंय. कुणी सांगिटलं मला म्हाईत न्हाई. म्हणत्यात, सगळी जात्यात आन् मला कुणी चल म्हणत न्हाई, म्हंजे रंग्यानंच सांगिटलं असणार, त्याला आणू नगा म्हणून."

हे ऐकलं आणि मी अंजनाकडे बघितलं.

ह्या गोष्टीला आता तीसेक वर्षं होत आली. तेव्हा आम्ही एका मध्यम फौंड्रीत कामाला होतो. भट्टीत लोखंड वितळवायचं, त्याचा रस भांड्यात घ्यायचा आणि वाळूच्या साच्यात ओतायचा, हा धंदा. त्या भांड्याला लॅडल म्हणतात. त्याला दोन्ही बाजूंनी लांब दांडे असतात. पुढचा दांडा एकानं धरायचा, मागचा दुसऱ्यानं, आणि पावलाला पाऊल मिळवून चालायचं. मागचा माणूस ओततो, पुढचा तोल धरतो. त्यामुळे आमच्यात जोडी म्हणजे नवराबायकोपेक्षा घट्ट. नवरा-बायको भांडून दोन दिवस अबोला धरू शकतात. लॅडलवाल्यांना ती चैन परवडत नाही.

सर्जेराव चौगुले पुढे आणि रंगराव सुतार मागे, ही आमच्याकडची सगळ्यात जुनी जोडी. रंगराव मुखदुर्बळ. सर्जेराव त्याच्याही वाटचं बोलायचा. मालकाची नक्कल, मालकाच्या कुत्र्याची नक्कल, मालकाला कुत्रा कसा ओरडतो त्याची नक्कल. त्याचं तोंड बंद दिसलं की आम्ही समजायचो, गडी एक तर जेवतोय नाही तर झोपलाय.

दिवाळी तोंडावर आली होती. माल उचलायची घाई होती आणि घाईत एक साचा नीट वाळला नव्हता. ओल्या साच्यात रस पडला की तो आत राहत नाही, उसळतो. तसा तो उसळला. मी चार हातांवर होतो. नीट काय झालं ते मलाही सांगता येणार नाही. एवढंच दिसलं की लॅडल खाली आहे, रंगराव खाली आहे आणि सर्जेराव दोन्ही हात पुढे धरून तसाच उभा आहे, अजून दांडा हातात असल्यागत. रंगरावच्या डाव्या पायाची पुढची बाजू गेली. बोटं काढावी लागली.

आता आमच्या फौंड्रीचा एक रिवाज सांगायला हवा. हरिबा मिस्त्री आमच्यातला सगळ्यात जुना माणूस, भट्टी पेटवायचा मान त्याचा. त्यानं त्याच्या मिस्त्रीकडून घेतलेला नियम असा की भट्टीनं ज्याला चावा घेतला त्याचं नाव, तो आपल्या पायांनी परत येईपर्यंत, भट्टीपुढे काढायचं नाही. नाव काढलं की भट्टीला त्याची आठवण होते. आम्ही कुणी हसत नव्हतो ह्या गोष्टीला. आगीशी रोजचा संबंध असलेली माणसं उगाच शहाणपणा करत नाहीत.

तेव्हा रंगरावचं नाव भट्टीपुढे बंद झालं. मग सर्जेरावपुढेही बंद झालं, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. लॅडलजवळ आला की तो दांड्याला हात न लावताच वळायचा. मिस्त्रीनं त्याला गुपचूप वाळू चाळायला लावलं आणि सुपरवायझरला काही तरी थाप मारली. चहा आला की पहिला कप सर्जेरावला. डब्यातली कुणाच्या घरची चांगली भाजी असली की सर्जेरावपुढे. त्याला कुणी चेष्टेनं चिमटा काढेना, शिवी देईना. कोल्हापुरात ज्याची कुणी चेष्टा करत नाही त्या माणसानं समजावं की आपलं काही तरी गंभीर बिघडलंय. सर्जेरावनं तसंच समजून घेतलं असणार. पण आम्हाला वाटत होतं, आपण त्याला जपतोय.

आणि दर सोमवारी आम्ही दोघं दोघं पाळी लावून रंगरावला बघायला त्याच्या गावी जात होतो. पन्हाळ्याच्या पलीकडे बोरीवाडी म्हणून वस्ती आहे, तिथे. केळी न्यायची, चहा प्यायचा, यायचं. सर्जेरावला सांगायचं नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, त्याच्या जिवाला त्रास नको म्हणून. रंगरावनं सर्जेरावची चौकशी केली की सांगायचं, बरा आहे, कामाचा दाब आहे. दोन्हीकडे चांगुलपणा वाटत आम्ही हिंडत होतो.

त्या सोमवारची पाळी माझी आणि मिस्त्रीची होती. शिवाय त्या दिवशी एक वस्तू न्यायची होती. आमच्या यासीनभाईंनी कामावर उरलेल्या पाइपांचा एक चौपायी आधार बनवला होता, हातांनी धरून पुढे ढकलत चालायचा. मी माझी एम-एटी दुचाकी चालवणार आणि मिस्त्री मागे बसून तो सांभाळणार, असा बेत होता.

"मिस्त्रींच्या जागी ह्यांच्या मालकांना न्या की," अंजना म्हणाली.

"आणि मिस्त्री इचारतील तर?"

"मिस्त्रींना मी बघते. तुम्ही आधी दाढी तरी पुरी करा, अर्ध्या तोंडानं जाऊ नका."

दाढी पुरी करून, आधार गाडीवर आडवा टाकून, गाडी ढकलत मी शालनवहिनींच्या मागोमाग त्यांच्या खोलीवर गेलो. सर्जेराव न्हाणीच्या पत्र्यावर चढून खिळे ठोकत होता. खाली दाराची बिजागरी तेल घालून ठेवलेली, स्टोव्ह घासून लख्ख केलेला, नळाच्या तोटीला नवं वायसर. घरातलं एकही काम मागे राहू नये असं त्याचं चाललं होतं. एरवी एवढं टापटीप घर बघून मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मला विम्याचे कागद आठवले.

"रंगरावकडं चाललोय," मी खालून म्हणालो. भट्टी तिथून लांब होती, तरी नाव घेताना जीभ अडखळलीच.

त्यानं एक खिळा पुरा ठोकला. मग विचारलं, "त्यानं मला बोलावलंय?"

हो म्हणणं सोपं होतं. ओठावर आलंही होतं. पण तो पत्र्यावरून माझ्याकडे असा बघत होता की खोटं बोलायचा धीर झाला नाही.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग झालं की."

"झालं काय? हे गाडीवरनं एकट्याच्यानं जायचं न्हाई. मागं बसून कुणी तरी धराय पायजे. मिस्त्रीचं गुडघं धरल्यात."

मिस्त्रीचे गुडघे ठणठणीत होते. तेवढं खोटं देव माफ करील.

सर्जेराव खाली उतरला. माझ्याशी बोलायला नाही, तो आधार काय आहे ते बघायला. त्यानं तो उभा केला, दाबून बघितला, मग मुठीच्या जागेवरून तळहात फिरवला आणि थांबला. पुन्हा फिरवला.

"कुणी केलंय हे?"

"यासीनभाईनं."

"घाई केलीया. हितं धार ऱ्हायलीया. हात फाटंल त्याचा." एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून कित्येक आठवड्यांत ऐकलं नव्हतं. तो आत गेला, कानस घेऊन आला, उंबऱ्यावर बसला आणि घासायला लागला. दोन्ही मुठी घासल्या. मग पायांच्या टोकांकडे वळला. मी आणि शालनवहिनी उभे राहून बघत होतो. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. कानस थांबली तेव्हा मी गाडीला किक मारली. तो मागे बसला आणि आधार मांडीवर घेतला.

वाटेत ऊस तोडून रिकामी झालेली रानं, गुऱ्हाळांचा धूर, मळीचा वास. मी आपला एकटाच बडबडत होतो, गाडी किती पेट्रोल खाते वगैरे. पन्हाळ्याखालच्या फाट्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबीव. मी जातो माघारी."

मी गाडी कडेला घेतली. तो उतरला, आधार रस्त्यावर टेकवून उभा राहिला.

"धोंडीराम," तो म्हणाला, "मी दांडा सोडला."

दोन महिन्यांत हे तो पहिल्यांदा बोलत होता आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. सगळ्यांकडे तेच होतं. मी म्हणालो, तसं काही नाही, तुझी काही चूक नाही, तू उगाच मनाला लावून घेतोस. चांगल्या मनानं म्हणालो. पण ते ऐकता ऐकता त्याचा चेहरा मिटत गेला. दार उघडलं होतं आणि मी ते बाहेरून लावून घेतलं. मला एवढं कळलं.

शेवटी मी म्हणालो, "माघारी जायचं तर जा. पण हे घिऊन मी एकटा कसा जाऊ? गाडी चालवू का हे धरू?"

त्यानं आधाराकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. खाली कोल्हापूरच्या बाजूला वळणारी एसटी दिसत होती, ती हात केला असता तर थांबली असती. ती गेली. मग तो परत मागे बसला.

रंगरावची आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ह्या म्हातारीची जीभ सगळ्या वस्तीत नावाजलेली होती. मी पुढे होतो, पण तिनं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"ह्याला आता वाट गावली व्हय?" ती म्हणाली.

सर्जेराव एक पाऊल मागे सरला. मी त्याच्या सदऱ्याची बाही धरली नसती तर तो पळालाच असता.

"कोण हाय गं, आई?" आतून रंगरावचा आवाज आला.

"तुझा जोडीदार."

आत खाट करकरली. मग रंगराव म्हणाला, "त्याला आत पाठीव. बाकी कोण असंल तर भाईर बसव."

मी बाहेर बसलो. म्हातारीनं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि मी शेंगा फोडायला लागलो. दार सताड उघडं होतं. आत रंगराव खाटेवर, पाय उशीवर. सर्जेराव भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, आधार अजून दोन्ही हातांत धरून. कुणी कसं आहेस म्हटलं नाही.

"रंग्या," सर्जेराव म्हणाला, "मी दांडा सोडला."

तेच वाक्य. इकडे माझ्या तोंडात तेच उत्तर पुन्हा तयार झालं, नाही रे, तसं काही नाही. मी ते शेंगदाण्याबरोबर गिळलं.

"व्हय," रंगराव म्हणाला. "सोडलास."

म्हातारीचा हात शेंगेवर थांबला.

"मी बघत हुतो की," रंगराव सावकाश बोलत होता. त्याला बोलायची सवय नव्हती, एक एक वाक्य शोधून आणल्यासारखं आणत होता. "रस उसळला. तू दांडा सोडलास. मी बी सोडला. तू आदी का मी आदी, देवाला ठावं. तोंडावर इस्तू आल्यावर दांडा धरून बसणारा माणूस अजून जल्माला यायचाय. साचा वला हुता, लेका. तो काय तू केलतास, का मी?"

"पण पाय तुझा गेला."

"माझा गेला. तुझा गेला असता तर तू हितं पडला असतास." त्यानं उशीवरचा पाय सावरला. "पर एक सांगतो, सर्ज्या. मी दुसऱ्या दिवशी आलो असतो."

सर्जेरावची मान खाली गेली.

"पायाचं काय नव्हं," रंगराव म्हणाला आणि आता त्याचा आवाज फाटला. "पाय घेऊन काय पूजा करायचीया? दर सोमवारी गाडी वाजली की आईला म्हणायचो, बघ गं, सर्ज्या असंल. आन् केळी घिऊन दुसरंच कोण तरी उतरायचं. बसायचं, आजाऱ्याला भेटल्यागत. भट्टी कशी चाललीया इचारलं की म्हणायचं, तू आराम कर. मला वाटलं, सर्ज्याला आता माझ्यासंगं काय घेणंदेणं न्हाई ऱ्हायलं. लंगडा जोडीदार काय करायचा?"

"मला कुणी आणलंच न्हाई रं," सर्जेराव म्हणाला. "मला वाटलं, तूच नगो म्हणलायस."

"मी?"

मी सूप बाजूला सारलं. मग आतून हाक आली, "धोंड्या!" मी उठलो. खाटेपुढे जाऊन उभा राहिलो. शाळेत मास्तरांपुढे उभा राहायचो तसाच.

"ह्येला का न्हाई आणला?"

"त्याला तरास नगो म्हणून," मी म्हणालो. ते इतकं बावळट वाटलं की मला माझीच लाज वाटली.

"दोगास्नी दोन खोल्यांत कोंडलासा," मुका रंगराव म्हणाला, "आन् वरनं केळी चारलीसा."

ह्यावर कुणी हसायला हरकत नव्हती, पण सर्जेराव रडायला लागला. मोठा गडी, अंगापिंडानं भरलेला. त्याला रडायचं कसं तेही येत नव्हतं. ढेकर अडकल्यासारखा आवाज यायचा आणि सगळं अंग हलायचं. मी त्याला धरायला पुढे झालो तर दारातून म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. रडू दे त्येला. पाणी मागनं द्या." आणि ती चुलीकडे गेली. रंगराव खाटेवरून हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवून होता. दुसरीकडे बघत होता.

रडणं आटोपल्यावर रंगराव म्हणाला, "आता सांग. भट्टी कशी चाललीया?"

सर्जेराव सांगायला लागला. आवाज गंजलेला होता, मध्येच थांबायचा. वाळू कशी आलीय ह्या वेळी, नवीन कोळसा कसा धूर करतो. रंगराव विचारत होता, आपल्या लॅडलला कोण आहे? कोणीच नाही, सर्जेराव म्हणाला, ती उलटी करून ठेवलीय. मग मिस्त्रीनं सुपरवायझरला काय थाप मारली ते सांगताना त्यानं मिस्त्रीचा आवाज काढला. तो चुकून निघाला असावा, कारण तो स्वतःच दचकला. रंगराव मात्र पोट धरून हसला. हसताना पाय हलला, कळ आली, तरी हसला. म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली, हे कार्टं हसतंय हे बघायला मला दिवाळीपास्नं किती देवांना नवस बोलावं लागलं.

आम्ही जेवलो. आधार रंगरावला दाखवला, तो धरून तो उभा राहिला, दोन पावलं टाकली आणि घामाघूम होऊन बसला. आता उद्यापासून दारापर्यंत जायचं, असं तो सांगत होता. सांगता सांगता मध्येच थांबला.

"हे बघ," तो मला हळूच म्हणाला.

सर्जेराव भिंतीला टेकून झोपला होता. मान एका बाजूला, तोंड उघडं, हाताला भाकरीचं पीठ तसंच. आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळानं तो आपसूक कलंडला, जमिनीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. म्हातारीनं आतून वाकळ आणून त्याच्या अंगावर टाकली आणि मला खूण केली, बाहेर हो.

एका झोपेनं माणूस बरा होत नसतो, हे मला पुढे कळलं. सरकारी दवाखान्यात मनाच्या दुखण्याच्या एक डॉक्टरीणबाई बसायच्या, त्यांच्याकडे सर्जेरावला आम्ही पाळीपाळीनं नेत राहिलो. गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळ्यात एकदा तो पुन्हा ढासळला, पुन्हा सावरला. रंगराव गुढीपाडव्याच्या सुमाराला परत आला आणि बसून करायच्या कामाला लागला. सर्जेरावनं लॅडल पुन्हा धरली ती मागच्या बाजूला मला घेऊन, आणि पहिला महिनाभर मला इतक्या सूचना दिल्या की दांडा त्याच्याच डोक्यात घालावा असं वाटायचं. मिस्त्रीच्या नियमाचं म्हणाल तर तो दुसऱ्याच दिवशी मोडला. मी मंगळवारी सकाळी झालेलं सगळं त्याला सांगितलं. म्हातारा ऐकून घेऊन बराच वेळ विडी ओढत बसला. मग भट्टीपुढे गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रंगराव सुतार बरा हाय. चालाय लागलाय. सर्जेरावला इचारा." आमच्याकडे त्यानंतरही माणसं भाजली. पण त्यांची नावं आम्ही रोज घेत होतो.

हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी मात्र ऊन उतरायला लागलं तरी सर्जेराव उठेना आणि रंगराव त्याला उठवू देईना. घरी शालनवहिनी वाट बघत असणार. नदीचं ते वाक्य माझ्या कानातून जात नव्हतं. बोरीवाडीत फोन एकच, दूध संस्थेत. मी तिथे गेलो. संध्याकाळच्या दुधाला अजून अवकाश होता. सेक्रेटरीनं फोन पुढे केला. शालनवहिनींच्या गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान होतं, त्याचा नंबर मला पाठ होता. दुकानदारानं कुणाला तरी पळवलं. मी फोन धरून उभा राहिलो.

त्या धावतच आल्या असाव्यात. श्वास ऐकू येत होता.

"भावजी?"

"वहिनी," मी म्हणालो, "सर्जेराव झोपलाय."

पलीकडून काही आवाज आला नाही. मी पुन्हा हॅलो म्हटलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "श्वास चालू हाय न्हवं?"

बाईनं दिवस कसा काढला असेल ते मला तेव्हा समजलं.

"घोरतोय, वहिनी," मी घाईघाईनं म्हणालो. "रंगरावच्या घरात, पोटभर जेवून घोरतोय. म्हातारीनं वाकळ घातलीया वर. रंगराव कुणाला जवळ जाऊ देईना. उठवून आणू का?"

"नगा," त्या म्हणाल्या. "नगा, उठवू नगा. किती का येळ होईना."

पण त्यांनी फोन ठेवला नाही. ठेवायचा असतो हे त्या विसरल्या असाव्यात. दुकानात गिऱ्हाईकं असणार, कुणी तरी काय झालं म्हणून विचारलं असणार, कारण मग मला लांबून त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. रडत, हसत, एकदा दुकानदाराला, एकदा आणखी कुणाला तरी त्या सांगत होत्या, "आमचं मालक झोपल्यात. व्हय, झोपल्यात." मी फोन कानाला लावून ते ऐकत उभा राहिलो आणि सेक्रेटरी बिलाची काळजी करत माझ्याकडे बघत राहिला.